पण्यमुद्रा व पण्यस्तुति

१

व्यापाऱ्यानें आपल्या मालावर छाप उठवावी, त्या छापेचें नांव चारचौघांत पसरवावें व त्या नांवाच्या बळावर माल खपवावा, ही रीत यंत्रयुगाबरोबर आपल्याकडे आली अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिला जोडूनच दुसरी एक समजूत असते. ती अशी कीं, जाहिरातींतील सत्यासत्याचा आणि जाहिरात करणाराच्या समाजाविषयींच्या कर्तव्याचा विचारहि परदेशांतूनच आला. जुन्या काळीं ग्राहकानें डोळे उघडे ठेवावे आणि फसल्यास आपल्या दैवाला दोष द्यावा, एवढेंच काय तें होतें. पहिल्या समजुतींत बराच तथ्यांश आहे. दुसरीला मात्र जुन्या ग्रंथांचा व शिलालेखांचा पुरावा अनुकूल नाहीं.

तथापि सर्व कांहीं आमच्याकडे पूर्वींच होतें, असें सिद्ध करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. तसल्या अभिमानानें संशोधनाचें आजवर नुकसानच झालें आहे. येथें एकच प्रश्न हातीं घेतला आहे : मालाविषयीं जें बोललें, लिहिलें किंवा चिन्हानें सुचविलें जातें, त्याच्या खरेपणाची जोखीम कोणीं वाहावयाची, बोलणारानें कीं ऐकणारानें? ह्या प्रश्नाचीं उत्तरें कौटिल्यापासून आजच्या कायद्यापर्यंत ओळीनें लावून पाहिलीं असतां त्यांत एक सूत्र दिसतें. ग्राहकाला जें स्वतः तपासतां येतें त्याची जोखीम ग्राहकावर. जें त्याला तपासतां येत नाहीं त्याची जोखीम विक्रेत्यावर. हें सूत्र कोठें स्पष्ट आहे, कोठें अंधुक आहे व कोठें तें मोडलें गेलें आहे, हें आतां क्रमानें पाहूं.

२

कौटिलीय अर्थशास्त्राची ग्रंथलिपींतील ताडपत्रांची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला, हा वृत्तांत वाचकांस परिचित आहे. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक संहिता १९६० मध्यें प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या कालाविषयीं मतभेद आहेत. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत निरनिराळ्या पंडितांनीं तो ओढला आहे. आपल्या विषयापुरतें एवढें पुरे कीं, मालावरील मुद्रेविषयीं इतकें तपशीलवार विवेचन करणारा ह्याहून जुना संस्कृत ग्रंथ उपलब्ध नाहीं.

दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा व तिच्यापाशीं ध्वज असावा. तांडा आला कीं शुल्क घेणाऱ्या चार-पांच माणसांनीं व्यापाऱ्यांची नोंद करावी. नोंदींत चार प्रश्न असत : हे कोण, कोठले, माल किती, आणि मालाला ओळखीची खूण किंवा मुद्रा कोठें केली. मुद्रा नसल्यास देय शुल्काच्या दुप्पट द्यावें. मुद्रा बनावट असल्यास शुल्काच्या आठपट दंड. राजमुद्रा बदलल्यास किंवा मालाचें नांव बदलल्यास दर ओझ्यामागें सव्वा पण. मग व्यापाऱ्यानें ध्वजाखालीं आपल्या मालाचें परिमाण व किंमत सांगून, ह्या भावानें हा माल कोण घेतो, असें तीन वेळां पुकारावें. मागणाऱ्यांच्या चढाओढीनें भाव चढल्यास वाढलेली रक्कम शुल्कासह राजकोशांत जावी. शुल्क चुकविण्यासाठीं परिमाण किंवा किंमत कमी सांगणारास निराळी शिक्षा आहे.

ह्या प्रकरणावरून कौटिल्याला ग्राहकाचा कळवळा होता असें अनुमान काढणें घाईचें होईल. द्वारावरील मुद्रेचा मुख्य हेतु राजाच्या उत्पन्नाचें रक्षण हाच आहे. तरी त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुद्रा ही व्यापाऱ्याच्या मालकीचा अलंकार नव्हे. माल कोठून आला व कोणीं पाहिला ह्याची ती साक्ष आहे, आणि साक्ष खोटी ठरली तर ती नसण्यापेक्षां चौपट महाग पडते.

ग्राहकाचा विचार खरोखर चौथ्या अधिकरणांत, म्हणजे कंटकशोधनांत येतो. तेथें व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण असा स्वतंत्र अध्यायच आहे. लांकूड, लोखंड, रत्न, दोर, चामडें, माती, सूत, साल किंवा लोंकर यांची वस्तु अस्सल जातीची नसतां अस्सल म्हणून विकणारास किंवा गहाण ठेवणारास किंमतीच्या आठपट दंड. त्यापुढचें कलम तर आजच्या जाहिरातीच्या कायद्यांत शोभावें असें आहे. निःसार माल सारवान म्हणून, एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून, वरून चकाकी दिलेला, कपटानें मिसळलेला किंवा दाखविलेली पेटी बदलून दिलेला माल विकल्यास, किंमत थोडी असली तरी चोपन्न पण दंड. आणि किंमत वाढेल तसा दंडहि वाढता. धान्य, तेलतूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्य व औषध यांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळल्यास बारा पण दंड. ह्या सर्व अपराधांत समान धर्म कोणता? मालांतील खोट पाहून ओळखतां येत नाहीं, हा. सारख्या रंगाची भेसळ, गांवाचें खोटें नांव, वरचा लेप, बदललेली पेटी, ह्यांतील एकहि प्रकार ग्राहकाच्या डोळ्यांना दिसणारा नाहीं.

३

स्मृतींत हाच विचार अधिक आटोपशीर शब्दांत आला आहे. मनूनें आठव्या अध्यायांत विकण्यास अयोग्य माल सांगितला आहे : दुसऱ्या वस्तूशीं मिसळलेला, सदोष, मापानें कमी, दूर असलेला आणि झांकलेला. कांहीं पोथ्यांत सदोष ह्या अर्थाचा "सावद्य" शब्द आहे, तर कांहींत निःसार ह्या अर्थाचा "असार" शब्द आहे. अभिप्रायांत फारसा फरक पडत नाहीं. झांकलेला ह्या अर्थीं मूळांत "तिरोहित" शब्द आहे. आपला "जाहिरात" शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्या "जाहिर"चा अर्थ उघड, प्रकट असा आहे. तेव्हां जाहिरात हा शब्द तिरोहिताच्या नेमका उलट आहे, आणि जी जाहिरात मालांतील दोष झांकते ती आपल्या नांवालाच विसरते.

याज्ञवल्क्य भेसळीस सोळा पण दंड सांगतो आणि माती, चामडें, रत्न, सूत, लोखंड, लांकूड, साल व वस्त्र यांतील हलकी वस्तु अस्सल भासवून विकल्यास किंमतीच्या आठपट. ही आठपट कौटिल्याच्या आठपटीशीं तंतोतंत जुळते; दोघांच्या मागें एकच परंपरा होती हें उघड आहे. सदोष वस्तु निर्दोष म्हणून विकणारास याज्ञवल्क्यानें किंमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. ह्याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राज्यांत (इ. स. १०७६ ते ११२६) मिताक्षरा लिहिली, व पुढें महाराष्ट्रांत व्यवहारनिर्णयासाठीं तीच टीका प्रमाण मानली गेली. म्हणून हे नियम आपल्या प्रांताला परके नव्हत.

परंतु आपल्या सूत्राचें सर्वांत स्वच्छ रूप नारदस्मृतींत आहे. नारद आधीं ग्राहकाला बजावतो : मालाचे गुणदोष विकत घेण्यापूर्वीं स्वतः पाहा, पाहून पसंत करून घेतलेला माल परत करतां यावयाचा नाहीं. हें झालें ग्राहकाचें कर्तव्य. लगेच विक्रेत्याचें कर्तव्य येतें : निर्दोष वस्तु दाखवून सदोष देणारानें ग्राहकास दुप्पट किंमत द्यावी व तितकाच दंड भरावा. म्हणजे ग्राहकाला जें दाखविलें त्यानें विक्रेता बांधला जातो. दाखविणें हीच जाहिरात होय.

ह्याखेरीज कांहीं वस्तूंचे गुण पाहतांक्षणीं कळत नाहींत, वापरल्यावरच कळतात. त्यांच्यासाठीं परीक्षेची मुदत आहे. याज्ञवल्क्याच्या मतें बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. बियाण्याला दहा दिवस कां, हें शेतकऱ्याला सांगावयास नको. तें रुजतें कीं नाहीं हें त्याआधीं कळत नाहीं. मुदतीचा आधार मालाची किंमत नसून, त्याचे गुण कळावयास लागणारा वेळ हा आहे.

ह्याच यादींत दास व दासी यांच्या परीक्षेचीहि मुदत आहे, आणि ती झांकून ठेवणें ह्या लेखास शोभणार नाहीं. चुकीची चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा दंडहि याज्ञवल्क्यानें रोग्याच्या दर्जावर बसविला आहे : पशूच्या बाबतींत प्रथम, मनुष्याच्या बाबतींत मध्यम, राजपुरुषाच्या बाबतींत उत्तम. माणूस विकतां येत होता आणि सर्व माणसांचा जीव सारख्या मोलाचा नव्हता, त्या समाजाचे हे नियम आहेत. त्यांतील तत्त्व घ्यावें. तो समाज आदर्श म्हणून पुढें करूं नये.

४

येथवर दंडाचा विचार झाला. आतां स्तुतीकडे वळूं. विक्रेत्यानें आपल्या मालाची स्तुति करूंच नये असें कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. उलट सुंदर स्तुतीचा एक प्रसिद्ध नमुना दगडावर कोरलेला आहे. माळव्यांत शिवना नदीच्या कांठीं मंदसोर, प्राचीन दशपुर, येथें सांपडलेला व फ्लीटनें १८८८ सालीं गुप्त लेखांच्या संग्रहांत छापलेला हा लेख वत्सभट्टि नांवाच्या कवीनें रचला आहे. लाट देशांतून, म्हणजे दक्षिण गुजराथेंतून, रेशमी वस्त्रें विणणारांची एक श्रेणी दशपुरास येऊन राहिली. तिनें मालव संवत् ४९३ मध्यें, म्हणजे इ. स. ४३६-३७ च्या सुमारास, सूर्याचें देऊळ बांधिलें व संवत् ५२९ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला. त्या प्रशस्तींत कवि म्हणतो कीं, तारुण्य आणि कांति अंगीं असली, सोन्याचा हार, तांबूल व फुलें यांनीं शृंगार केला, तरी अंगावर रेशमी वस्त्रांची जोडी चढल्याखेरीज स्त्री प्रियकराच्या भेटीस निघत नाहीं.

ह्या श्लोकाला जगांतील पहिली जाहिरात म्हणण्याची प्रथा पडली आहे. हें म्हणणें आकर्षक आहे, पण पुराव्याच्या पुढें जाणारें आहे. लेख देवळाचा आहे, दुकानाचा नव्हे. शिवाय श्रेणीतील कांहीं जण धनुर्विद्या, ज्योतिष इत्यादि दुसऱ्या व्यवसायांत शिरले होते असें हाच लेख सांगतो. तेव्हां गिऱ्हाईक ओढण्यापेक्षां आपल्या श्रेणीचें नांव राखणें हा त्यामागील हेतु अधिक संभवतो. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हें मालाच्या विक्रीचें नसून छापेच्या प्रतिष्ठेचें काम आहे.

आणि ती प्रतिष्ठा कशावर उभी केली आहे? वस्त्राच्या स्तुतीनंतर थोड्याच ओळींत कवि सांगतो कीं, जग चंचल आहे, मनुष्यदेह व संपत्ति अस्थिर आहेत, हें जाणून विणकरांनीं स्थिर व कल्याणकारक असा संकल्प केला. आणि मग देवळाची हकीकत येते. स्तुति आणि लोकोपयोगी दान एकाच दगडावर आहेत. ह्यांत नांव मिळविण्याची इच्छा नव्हती असें कोण म्हणेल? परंतु नांवाबरोबर काम होतें, तें छत्तीस वर्षांत खचलें तेव्हां पुन्हा उभारलें गेलें, आणि दोन्ही वेळच्या तिथि लेखांत दिल्या आहेत. तपासतां येईल अशी ही हकीकत आहे.

मग वस्त्राविषयींचें तें विधान खरें कीं खोटें? रेशमी वस्त्राशिवायहि त्या नगरांतील स्त्रिया घराबाहेर पडत असतील, हें उघड आहे. म्हणून वत्सभट्टीवर खोटेपणाचा आळ घेणारा वाचक भेटणार नाहीं. असें कां, ह्याचें उत्तर मीमांसकांनीं दुसऱ्या निमित्तानें देऊन ठेविलें आहे.

५

वेदांतील जीं वाक्यें विधि किंवा निषेध सांगत नाहींत, केवळ स्तुति किंवा निंदा करितात, त्यांस मीमांसक अर्थवाद म्हणतात व त्याचे तीन प्रकार करितात. प्रत्यक्षाशीं उघड विरोध असेल तेथें गुणवाद. यज्ञांतील यूपाला सूर्य म्हटलें तर ऐकणारा अक्षरार्थ घेत नाहीं, तेजस्वीपणा घेतो. आधींच ठाऊक असलेलें सांगितलें तर अनुवाद. अग्नि हें थंडीवरचें औषध आहे, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. आणि ज्याला दुसऱ्या प्रमाणाचा विरोधहि नाहीं व आधारहि नाहीं, तो भूतार्थवाद. इंद्रानें वृत्रावर वज्र उगारलें, हें ऐकणारानें सांगणाराच्या भरंवशावर मानावयाचें असतें.

हें शास्त्र वेदवाक्यांचें आहे, बाजाराचें नव्हे. तें बाजाराला लावण्याची योजना प्रस्तुत लेखकाची आहे, प्राचीनांची नव्हे. परंतु ती लावून पाहिली असतां पुष्कळ गुंता सुटतो. वत्सभट्टीचा श्लोक गुणवाद आहे, म्हणून निर्दोष आहे. साबणानें मळ निघतो, हा अनुवाद. पण ह्या तेलानें सात दिवसांत केस उगवतात, हें वस्त्र ह्याच गांवच्या मागावरचें आहे, ह्या भुकटीनें मुलाची वाढ दुप्पट होते, हीं विधानें भूतार्थवादांत मोडतात. ऐकणाराजवळ तीं खोडण्याचें साधन नाहीं आणि पडताळण्याचेंहि नाहीं. नीतीचा सगळा प्रश्न ह्या तिसऱ्या वर्गांत आहे.

वेदवाक्याला वक्ता नाहीं, म्हणून वक्त्याचे दोषहि नाहींत, असें मीमांसक मानतात. त्यामुळें तेथें भूतार्थवाद मान्य होतो. मनुष्याच्या वाक्याला ही सवलत नाहीं. तेथें वक्ता आप्त आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. न्यायसूत्रावरील भाष्यांत वात्स्यायनानें आप्ताचीं दोन लक्षणें दिलीं आहेत : त्यानें ती वस्तु स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याला इच्छा असावी. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेंच लागू आहे, असेंहि तो म्हणतो. केवळ प्रामाणिक हेतु पुरत नाहीं, ज्ञानहि पाहिजे. केवळ ज्ञान पुरत नाहीं. तें विकृत न करितां सांगण्याची इच्छा पाहिजे. जाहिरातीच्या नीतीवर एवढ्या थोडक्या शब्दांत अधिक सांगणें कठीण आहे.

६

गुणवाद व भूतार्थवाद यांतील हाच भेद एका इंग्लिश न्यायालयापुढें अगदीं निराळ्या वेषांत आला. १८८९ नंतरच्या शीतज्वराच्या सांथींत लंडनच्या एका कंपनीनें कार्बोलिक स्मोक बॉल नांवाचें हुंगावयाचें औषध काढलें. १८९१ च्या नोव्हेंबरांत तिनें वर्तमानपत्रांत जाहिरात दिली कीं, सांगितल्याप्रमाणें दिवसांतून तीन वेळां दोन आठवडे तें वापरूनहि ज्यास शीतज्वर होईल त्यास शंभर पौंड देऊं. आणि आमच्या सचोटीची खूण म्हणून एक हजार पौंड बँकेंत ठेविले आहेत. कार्लिल नांवाच्या बाईनें औषध वापरलें, तिला ज्वर आला, तिनें शंभर पौंड मागितले. कंपनीचें एक उत्तर असें होतें कीं, ती केवळ फुगवून केलेली स्तुति होती. शहाणा मनुष्य ती अक्षरशः घेत नाहीं. आपल्या परिभाषेंत, तो गुणवाद होता. अपील न्यायालयानें १८९२ च्या डिसेंबरांत हें उत्तर फेटाळलें. बँकेंत पैसे ठेविल्याचें स्वतः सांगणाराला, माझें बोलणें मनावर घेऊं नका, असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

तरीहि त्या काळच्या इंग्लिश कायद्याचा सामान्य कल, ग्राहकानें सावध असावें, असाच होता व तोच आपल्याकडे आला. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत सामान्य नियम तोच असून त्याला अपवाद जोडलेले आहेत. आणि विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेणें हा त्यांतील मुख्य अपवाद आहे. नारदाचीं दोन कलमें येथें दुसऱ्या वाटेनें पुन्हा भेटतात.

७

मालावरील चिन्हांचा पहिला स्वतंत्र कायदा हिंदुस्थानांत १८८९ सालीं झाला. त्यांत मालाचें खोटें वर्णन हा गुन्हा ठरला, आणि येथील गिरण्यांच्या कापडाच्या ठाणावर त्याची लांबी यार्डांत छापणें सक्तीचें झालें. विलायती कापडाच्या ठाणांवर त्या काळीं देवदेवतांचीं रंगीत टिकिटें चिकटविलेलीं असत. ठाणावर एकीकडे देवाचें चित्र आणि दुसरीकडे यार्डांचा आंकडा, अशी ती जोडी होती. चित्र कांहींच विधान करीत नव्हतें, म्हणून कायद्याला त्याच्याशीं कर्तव्य नव्हतें; आंकडा विधान करीत होता. तथापि ज्याला आंकडा वाचतां येत नव्हता तो ग्राहक चित्र ओळखूनच ठाण घेई, आणि चित्रावरील त्याचा विश्वास देवावरील श्रद्धेंतून उसना घेतलेला होता. हा उसनवारीचा प्रश्न कायद्यानें सुटत नाहीं. तो नीतीचा आहे.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीनंतर गांवाचें व देशाचें नांव हाच मालाचा सर्वांत मोठा गुण ठरला, आणि म्हणून तेंच खोटें सांगण्याचा मोहहि वाढला. खादीच्या बाबतींत ह्यावर १९३४ सालीं कायदा झाला. खद्दर किंवा खादी हा शब्द कापडाला लाविला म्हणजे तें हिंदुस्थानांत हातानें कांतलेल्या कापसाच्या सुताचें व हिंदुस्थानांत हातमागावर विणलेलें आहे असें वर्णन केल्यासारखें होतें, असें त्यांत ठरविण्यांत आलें. सूत हातचें कीं गिरणीचें, हें दुकानांत उभ्या असलेल्या ग्राहकाला सहसा ओळखतां येत नाहीं. आणि ज्यानें चळवळीच्या निष्ठेनें जास्त दाम मोजले त्याची फसवणूक केवळ पैशाची नसते. कौटिल्यानें एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकणारास जो दंड सांगितला, त्याचें हें नवें रूप होय. भौगोलिक ओळखीचा १९९९ चा कायदा ह्याच वाटेवरचा आहे. २०१८ सालीं कोंकणच्या पांच जिल्ह्यांतील हापूस आंब्यास अशी ओळख मिळाली, ती पेटीवरील गांवाचें नांव खरें राहावें म्हणूनच.

औषधांच्या जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्यानें ठराविक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस व चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींस बंदी केली. त्यावरील खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं कायद्याचा कांहीं भाग रद्द केला. परंतु असल्या जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचें कवच मिळत नाहीं, हें तत्त्व सांगितलें. पुढें १९९५ सालीं त्याच न्यायालयानें व्यापारी जाहिरात हीहि भाषणस्वातंत्र्यांत येते असें म्हटलें, कारण खरी माहिती मिळणें हा ग्राहकाचाहि लाभ आहे. हे दोन निर्णय परस्परविरुद्ध वाटतात; पण संरक्षण माहितीला आहे, फसवणुकीला नाहीं, असा त्यांचा मेळ बसतो. मुंबईंत १९८५ सालीं स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेच्या संहितेंत तर उघड अतिशयोक्तीला मोकळीक व पडताळण्याजोग्या विधानाला पुराव्याची सक्ति, असा भेद स्पष्ट केला आहे. मीमांसकांचा गुणवाद व भूतार्थवाद तेथें नांव न घेतां येऊन बसले आहेत.

२०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानें एक पाऊल आणखी पुढें टाकलें. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाबरोबरच मालाची शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीसहि दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करतां येतो. विधानाची योग्य ती शहानिशा केल्याचें दाखविलें तर ती व्यक्ति सुटते. हें वात्स्यायनाच्या आप्ताचें पहिलें लक्षण झालें : जें सांगतोस तें तूं जाणलें आहेस काय? जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांत असेंहि आहे कीं, जाहिरातीखालील खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेंत व त्याच अक्षरांत असावा. मोठ्या अक्षरांत दावा व मुंगीच्या अक्षरांत खुलासा, हें मनूच्या तिरोहिताचेंच आधुनिक उदाहरण होय.

८

ह्या सर्वांचा आमच्याशीं काय संबंध, असें पोथ्या जमविणारा एखादा वाचक विचारील. संबंध निकटचा आहे. जुनी पोथी, नाणें किंवा कागद हा आज विक्रीचा माल आहे, आणि त्याच्याइतका न तपासतां येणारा माल दुसरा नाहीं. यादींत "अमुक शकाची प्रत", "अमुक साधूचें स्वहस्ताक्षर", "शिवकालीन" असे शब्द पडतात. हे सर्व भूतार्थवाद आहेत. नकलाकार पुष्कळदां मूळ प्रतीची पुष्पिका तिच्या शकासह जशीच्या तशी उतरून घेतो. त्यामुळें पुष्पिकेंतील शक हा हातांतील पोथीचा असेलच असें नाहीं. हें यादी करणारास ठाऊक असतें, घेणारास नसतें. नारदाच्या नियमानें ही जोखीम यादी करणाराची आहे, आणि तो विक्रेता नसून एखाद्या संस्थेचा ग्रंथपाल असला तरीहि आहे. एका चुकलेल्या शकावर पुढें दहा लेख उभे राहतात.

आपल्या जुन्या राजपत्रांत आरंभीं शिक्का व शेवटीं मोर्तब असे. शिक्का पत्र कोणाचें तें सांगे. मोर्तबानें मजकूर येथें संपला, ह्यापुढें कोणीं कांहीं जोडूं नये, ही मर्यादा पडे. छापेचीं हींच दोन कामें आहेत : आपलें नांव देणें आणि आपल्या बोलण्याची हद्द दाखविणें. आजच्या जाहिरातदारांना पहिलें काम उत्तम साधलें आहे. दुसऱ्याची सुरुवात संग्राहकांनीं व संस्थांनीं आपापल्या याद्यांपासून करावी. प्रत्येक नोंदींत तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्या : पानावर प्रत्यक्ष काय लिहिलें आहे; कागद, शाई व वळण पाहून आपण काय अनुमान केलें; आणि विकणारानें तोंडी काय सांगितलें. असें केल्यानें एखाद्या पोथीची किंमत कमी होईल. तिच्यावर विसंबून लिहिणारा मात्र फसणार नाहीं.